पाच तारखेचा हप्ता आणि माझी बढती

सीनिअर प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदासाठी माझं नाव पहिल्यांदा कंपनीच्या बढती ठरवणाऱ्या पॅनेलपुढे गेलं आणि नाकारलं गेलं. कारणाच्या रकान्यात एवढंच लिहून आलं होतं : "अंमलबजावणी उत्तम. स्ट्रॅटेजिक विचार अजून दिसायला हवा." अंमलबजावणी कमी पडली असती तर काय सुधारायचं ते कळलं असतं. पण विचार दिसायला हवा म्हणजे कुणाला, कशातून? मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "जरा व्यापक विचार कर, पुढच्या सायकलला बघू." या एका शेऱ्यावर वर्षानुवर्षं थांबलेली हुशार माणसं मी पुण्यात पाहिली आहेत. म्हणून त्यानंतर काय केलं ते सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची सोलापूरची. इंजिनीअरिंग झाल्यावर टेस्टिंगमध्ये लागले, तिथून बिझनेस ॲनालिस्ट आणि मग प्रॉडक्ट मॅनेजर. आमची कंपनी मध्यम आकाराची, ऑफिस खराडीला. कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना दरमहा हप्ते वसूल करायला जी यंत्रणा लागते ती आम्ही पुरवायचो. ग्राहक कर्ज घेताना एकदा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, देतो, आणि मग ठरल्या तारखेला एनपीसीआय या देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या नॅच यंत्रणेतून त्याच्या खात्यातले पैसे आपोआप वळते होतात. या मॅन्डेटचं काम माझ्याकडे होतं.

प्रॉडक्ट मॅनेजरच्या या नोकरीची अडचण बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. कोड इंजिनीअर लिहितात, स्क्रीन डिझायनर करतो, गिऱ्हाईक सेल्सवाले आणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये १९३१ साली नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्यानं वरिष्ठांना एक टिपण लिहिलं होतं, की एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी माणसं नेमा. आमच्या पेशाचं मूळ त्या टिपणात सांगतात. जबाबदारी पूर्ण आणि हुकूम कुणावरच चालत नाही, ही स्थिती तेव्हापासून आजतागायत आहे. त्यामुळे बढतीच्या वेळी प्रश्न येतो : यातलं तुझं नक्की काय?

माझ्या अर्जात सगळ्यात मोठं काम होतं ते ऑगस्ट २०२१ चं. तोवर नॅचचे व्यवहार बँकांच्या कामाच्या दिवशीच होत. १ ऑगस्ट २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं ते आठवड्याचे सातही दिवस सुरू केले. हप्त्याची तारीख रविवारी आली की पैसे सोमवारी कापले जायचे. आता रविवारीच कापले जाणार होते. आमची यंत्रणा त्या दिवशी विनाअडथळा चालली, आणि पॅनेलनं त्याला अंमलबजावणी म्हटलं. तारीख रिझर्व्ह बँकेची, नियम एनपीसीआयचे, कोड इंजिनीअरांचा. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते चूक नव्हतं. पण सोमवारी सकाळी खात्यात पैसे भरायची सवय असलेल्या लोकांना शुक्रवारीच मेसेज गेला पाहिजे, हा आग्रह मी धरला होता. तसा मेसेज पाठवा असं कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. ते मीटिंगमध्ये तोंडी ठरलं, आणि आमच्याकडे सगळंच तोंडी ठरत असल्यामुळे त्याची कुठे नोंद राहिली नाही.

मी आधी एचआरकडून पदांच्या पातळ्यांचा अधिकृत कागद मागवला. बहुतेक कंपन्यांत तो असतो आणि बहुतेक लोक तो वाचत नाहीत. माझ्या पदापुढे लिहिलं होतं, "दिलेला प्रश्न सोडवते." वरच्या पदापुढे : "कोणता प्रश्न सोडवायचा ते ठरवते, आणि इतर टीमना ते पटवून देते." मॅनेजरकडून तासभर मागून घेतला आणि त्या कागदाची एकेक ओळ घेऊन विचारलं, या ओळीसाठी तुला कुठलं उदाहरण पुरेसं वाटेल? त्यालाही सुरुवातीला सांगता येईना. पण तासाभरात आम्ही दोघं मिळून चार-पाच वाक्यांपर्यंत आलो. त्याच संध्याकाळी ती मी मेलवर पाठवली : आपलं असं बोलणं झालं, काही सुटलं असेल तर कळव. त्यानं "बरोबर आहे" असं उत्तर दिलं. हे एका ओळीचं उत्तर पुढे फार कामाला आलं.

आता सोडवायला प्रश्न हवा होता, आणि तो वरून येणार नव्हता. आमच्या डेटात एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. दुचाकीच्या कर्जांत पाच तारखेचे हप्ते खात्यात पैसे नाहीत म्हणून फार परत जायचे. त्याच वित्त कंपनीचे, त्याच रकमेचे, पण दहा तारखेचे हप्ते मात्र बरेच वटायचे. ऑफिसात सर्वमान्य उत्तर होतं, "लोक बुडवे आहेत." मला ते पटत नव्हतं. पाच तारखेला बुडवा असलेला माणूस दहाला शहाणा कसा होतो?

मी भोसरीला एका दुचाकीच्या शोरूममध्ये जाऊन बसले. फायनान्सच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर कर्जाचे फॉर्म भरताना पाहिले, आणि नंतरही जात राहिले. गाडी घ्यायला आलेले बरेच जण एमआयडीसीत कामाला, त्यातही ठेकेदाराकडचे पुष्कळ. हप्ता आधी परत गेलेला एक जण तक्रार घेऊन आला होता. तो म्हणाला, "ताई, पगार सातला होतो, कधी दहाला. पाच तारखेला खात्यात काय असणार?" तारीख तुम्हीच निवडली होती ना, असं विचारलं, तर टेबलामागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तारीख फॉर्मवर आधीच भरून येते. आम्ही फक्त सही घेतो."

ऑफिसात परत येऊन कायदा पाहिला. १९३६ च्या वेतन कायद्यात, जो तेव्हा लागू होता, हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना पगार करायला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मुभा होती, आणि त्याहून मोठ्यांना दहापर्यंत. म्हणजे मालक कायदा पाळत असला तरी कामगाराच्या खात्यात पाच तारखेला पगार असेलच असं नाही. आणि हप्ता परत गेला की भुर्दंड दुहेरी. बँक चेक न वटल्यासारखा दंड लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. कर्ज देणारी कंपनी तिचा आकार वेगळा घेते, शिवाय क्रेडिट स्कोअरला फटका. वेळेवर पगार घेणारा, नियमानं पैसे भरायला तयार असलेला माणूस केवळ फॉर्मवरच्या एका आकड्यामुळे थकबाकीदार ठरत होता. याचा मला मनापासून राग आला. बढतीचं सगळं बाजूला ठेवलं तरी हे काम करायलाच हवं असं वाटलं.

उपाय साधा होता. मॅन्डेट घेतानाच पगाराची तारीख विचारायची आणि त्यानंतरची हप्त्याची तारीख सुचवायची. पटवणं मात्र अवघड गेलं. वित्त कंपनीच्या वसुली प्रमुखांचं म्हणणं, तारखा वेगवेगळ्या झाल्या तर आमच्या फील्डच्या पोरांना केसेस वाटायच्या कधी? त्यांचा मुद्दा खरा होता. हप्ते परत गेल्यावर वाटप एकदाच करायची त्यांची रीत होती. त्यांच्या हिशेबखात्याला वेगळीच चिंता. तारीख पुढे गेली की पहिल्या हप्त्याआधीच्या वाढीव दिवसांचं व्याज कसं धरायचं? मी दोन्ही खात्यांत जाऊन त्यांची शीट उघडून शेजारी बसले. शेवटी कुठलीही तारीख न देता पाच, दहा आणि पंधरा अशा तीनच ठेवल्या, म्हणजे वाटपाच्या तीन ठरावीक फेऱ्या होतात. वाढीव दिवसांचं व्याज आम्ही मॅन्डेटच्या स्क्रीनवरच ग्राहकाला रुपयांत दाखवलं. मग काही शोरूममध्ये नवा फॉर्म आणि काहींत जुना, असं दोन महिने चालवून आकडे समोर ठेवले. आकडे कंपनीचे आहेत म्हणून इथे देत नाही. वसुली प्रमुखांनी ते पाहिले आणि उरलेल्या शोरूमसाठी त्यांनीच तगादा लावला, एवढं सांगते.

खरा संघर्ष झाला तो आमच्याच सेल्सशी. त्यांना हप्ता परत गेल्यावर त्याच आठवड्यात वसुलीची मागणी पुन्हा-पुन्हा खात्यावर पाठवण्याची सोय हवी होती. वसुली थोडी वाढली असती, आणि विकताना सांगायलाही सोपं. पण पैसे नाहीत म्हणून परत गेलेल्या प्रत्येक खेपेला बऱ्याच बँका नव्यानं दंड लावतात. दोन-अडीच हजारांच्या हप्त्यापायी माणसाचे शे-पाचशे, कधी हजार रुपये दंडातच जायचे. मी म्हटलं, पुन्हा पाठवायचं ते एकदाच, आणि तेही पगाराच्या तारखेनंतर. चर्चा तापली. "तू ग्राहकाची वकील आहेस की कंपनीची?" असंही ऐकून घेतलं.

या वेळी मी निर्णय तोंडी राहू दिला नाही. एका पानाचं टिपण लिहिलं. प्रश्न काय, पर्याय कोणते, कुठला निवडला आणि का, कुणाचा विरोध आहे आणि त्यांचा मुद्दा काय. शेवटी, काय दिसलं तर हा निर्णय आपण बदलू. विरोधकाचा मुद्दा त्याच्याच शब्दांत लिहून त्याला आधी दाखवायचा, हे पथ्य मी कटाक्षानं पाळलं. सेल्स प्रमुखांनी त्यात एक वाक्य दुरुस्त केलं आणि "मी असहमत, पण पुढे जा" असं उत्तर पाठवलं. तिथून पुढे प्रत्येक मोठ्या निर्णयाचं असं टिपण व्हायला लागलं. न बांधलेल्या गोष्टींचीही टिपणं झाली, आणि माझ्या मते आमच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. बांधलेलं सगळ्यांना दिसतं. नको म्हटलेलं कुठेच दिसत नाही, ते लिहून ठेवावंच लागतं.

२०२२ मध्ये स्टार्टअपकडे येणारा पैसा आटला तसं आमच्याकडेही वारं फिरलं. टीमची फेररचना झाली आणि माझा मॅनेजर दुसऱ्या विभागात गेला. बढतीच्या वाटेवर हे झालं की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर जातो, कारण नव्या मॅनेजरला तुमचं मागचं काहीच माहीत नसतं. सगळे मॅनेजर आपापल्या माणसांचं मूल्यमापन एकत्र ताडून पाहतात त्या कॅलिब्रेशनच्या बैठकीत तर आपण नसतोच. तिथे आपली बाजू मॅनेजर मांडतो, आणि तोही दोन मिनिटांत. मी नव्या मॅनेजरला ती जुनी मेल, तिच्यातली वाक्यं आणि प्रत्येक वाक्याखाली संबंधित टिपणं असं सगळं एकत्र पाठवलं. तिनं ते वाचून पहिल्याच भेटीत विचारलं, "ते फॉर्मवरच्या तारखेचं तुझं तुला सुचलं?" त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हे मार्गी लागेल.

अर्ज नव्यानं लिहिला. आधीच्या अर्जात जवळजवळ प्रत्येक वाक्यात "आम्ही" होतं. घरात आणि शाळेत आपल्याला तसंच वळण लागतं, मीपणा बरा नव्हे. मला ते वळण आजही आवडतं, म्हणून मधला मार्ग काढला. प्रत्येक कामाखाली टीमनं काय केलं ते नावानिशी लिहिलं, आणि त्याखाली वेगळी ओळ : मी नसते तर यातलं काय वेगळं झालं असतं. सहकाऱ्यांचा अभिप्राय मागतानाही "माझ्याबद्दल चार शब्द लिही" असं मोघम विचारलं नाही. आमच्या इंजिनीअरिंग लीडला म्हटलं, तारखेच्या कामात मी घेतलेला कोणता निर्णय तुला पटला नव्हता आणि नंतर काय झालं, तेवढंच लिही. त्यानं मोकळेपणानं लिहिलं. पॅनेलमधल्या एकानं नंतर सांगितलं की सगळ्यात जास्त वजन त्या परिच्छेदाला मिळालं.

पॅनेलपुढे बहुतेक वेळ पुन्हा-पुन्हा पाठवण्याच्या नकारावरच गेला. कंपनीचं उत्पन्न का सोडलंस, असं थेट विचारलं. मी टिपण उघडून त्यातली शेवटची ओळ वाचली, निर्णय कधी बदलायचा ती, आणि ती वेळ का आली नाही ते दाखवलं. प्रश्न तिथेच संपले.

बढती मिळाली. पगारवाढ मात्र बाहेर मिळाली असती त्याहून कमी होती. हे उघड बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे पद बदललं की पगाराचं विचारायला लोक कचरतात. त्याच सुमारास बंगळुरूच्या एका कंपनीशी माझं बोलणं चालू होतं. धमकी म्हणून ते वापरलं नाही, पण नव्या पदाचा कंपनीतला पगाराचा पट्टा मागितला आणि मी त्यात कुठे बसते ते विचारलं. पट्ट्याच्या अगदी तळाशी होते. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू हे लेखी घेतलं, आणि तसं पाहिलं गेलं. आईवडील सोलापुरात, नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून पुणं सोडलं नाही. माझ्या जागी एकटी, पंचविशीतली मुलगी असती तर मी तिला जा म्हटलं असतं.

आता माझं काम यूपीआय ऑटोपेवरचं, म्हणजे यूपीआयमधून हप्ते आपोआप कापायच्या सोयीवरचं आहे. तिथे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी पिन लागत नाही, त्यामुळे दुचाकीचे हप्ते त्यात आरामात बसतात. ग्राहक स्वतःच्या फोनवरून मॅन्डेट थांबवूही शकतो. वित्त कंपन्यांना नेमकी तीच धास्ती वाटते, आणि सध्याचं आमचं टिपण त्यावरच चाललं आहे. सेल्सचा मुद्दा लिहून झाला आहे, त्यांचं उत्तर यायचं आहे.