तुम्ही विचारलंत म्हणून: "तुमच्याशी बोलायचं कसं?"

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीत आमचं दुकान आहे. मला ऐकू येत नाही हे कळलं की गिऱ्हाईक मोबाईलवर टाइप करून हाच प्रश्न विचारतं. आजवर घाईत उत्तर देत आलो, आज सविस्तर सांगतो.

आठव्या वर्षी तापात माझं ऐकणं गेलं. त्याआधीची मराठी शिल्लक आहे, म्हणून मी तोंडानं बोलतो आणि समोरच्याचं ओठांवरून वाचतो. पण ओठ अर्धंच सांगतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतील. 'क', 'ग' तर आत घशाशी होतात, दिसतच नाहीत. उरलेलं मी अंदाजानं जुळवतो. तेव्हा तोंड माझ्याकडं असू दे, चेहऱ्यावर उजेड असू दे. तोंडात मावा असेल तर आधी थुंकून या. आणि ओरडू नका. ओरडताना ओठ वाकडे होतात, मला नुसता राग दिसतो.

एवढ्यानं भागत नाही, कारण आम्हा कर्णबधिरांच्या रीतीभाती वेगळ्या आहेत. पुण्याचा पाहुणा कोल्हापुरात बाईमाणसाच्या तोंडून "मी आलो" ऐकून दचकतो आणि दोन दिवसांत रुळतो, तसंच हे. खुणांच्या भाषेत 'तू' म्हणायला बोट दाखवावंच लागतं, तुमच्यात ते उद्धटपणाचं. तुमच्यात टक लावून बघू नये, आमच्यात नजर काढली की बोलणंच तुटलं. हाक मारायची तर खांद्याला हात लावायचा. खुणांच्या वाक्यात 'काय', 'कुठं' शेवटी येतं आणि भुवया प्रश्न विचारतात. माणसाचं नाव ठेवतो तेही गालावरचा तीळ, तुटका दात बघून. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

ही भाषा मी वसतिगृहात मोठ्या मुलांकडून शिकलो, रात्री, दिव्याखाली. दिवसा वर्गात हात हलवले की पट्टी बसायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' म्हणजे काय हे सांगताना ब्रेलबरोबर खुणांचाही उल्लेख आहे. ती ओळ वाचताना मला तो दिवा आठवला.

तुमच्याकडून मलाही शिकावं लागलं. तुमचं "बघू की" पुष्कळदा 'नाही' असतं, पण ते आवाजात. ओठांवर 'बघू'च दिसतं. त्या भरवशावर मी कितीदा वाट बघत बसलोय. आता ओठांबरोबर डोळेही वाचतो.

पण एक गोष्ट अजून मनाला लागते. चारचौघांत हशा होतो, मी "काय झालं?" विचारतो आणि उत्तर येतं, "काही नाही, नंतर सांगतो." ते नंतर कधी येत नाही. तुमच्या दृष्टीनं ती बारकी गोष्ट असेल, पण त्या घडीला मी घरातल्या घरात परका होतो.

आमच्या शेजारच्या दुकानदारांचं आमच्यातलं नाव म्हणजे मिशीला पीळ. त्या मिशीखाली ओठ दिसत नाहीत, म्हणून त्यांनीच माझ्याकडून खुणा शिकून घेतल्या. परवा रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिताना सगळे एकदम हसले. मी विचारायच्या आतच त्यांचे हात चालू झाले. म्हशीची खूण चुकली. मी ग्लास खाली ठेवून ती करून दाखवली, त्यांनी पुन्हा केली, आणि गोष्ट पुढं गेली.