दौलताबादच्या किल्ल्यात टेलिपोर्ट
आमचा स्टुडिओ संभाजीनगरातला, छोटाच, आणि सध्या जो गेम करायलोय त्यातला शेवटचा टप्पा दौलताबादवरून घेतलेल्या किल्ल्यात आहे. ज्यांनी किल्ला पाह्यलाय त्यांना माहितीये की वर जायला रस्ता एकच, उभा तासलेला कडा, त्याखाली खंदक आणि मग ती अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता. लेव्हल डिझाइनवाल्याला याहून भारी काय पाहिजे!

परवा दुपारी टेस्टिंगला बसलेली आमची परभणीची पोरगी म्हणली, "दादा, मी वर पोचले बी." बघतो तर तिनं १३व्या लेव्हलचा विझार्ड म्हणजे जादूगार घेतलेला, गावातूनच टेलिपोर्ट, म्हणजे एका क्षणात दुसरीकडं नेणारा स्पेल (मंत्र), टाकला अन् अख्खी पार्टी, म्हणजे सोबतची सगळी पात्रं, थेट वरच्या बारादरीत, खंदक नाही, अंधारी नाही, काहीच नाही. बग नव्हता हा. डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या गेमचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, आम्ही तेच वापरतो, आणि त्यात हा सातव्या लेव्हलचा स्पेल (स्पेलच्या लेव्हल वेगळ्या मोजतात, सातवी विझार्डला १३व्याला मिळते) स्वतःसोबत आठ जणांना नेतो.

मग जी चर्चा पेटली. एकजण म्हणे किल्ल्यावर जादूच बंद करा, दुसरा म्हणे १२व्या लेव्हललाच थांबू, याच नियमांवरचा कॉम्प्युटर गेम बाल्डर्स गेट ३ पण तिथंच थांबतो की. खरंय, तिथं सहाव्या लेव्हलच्या वर स्पेलच मिळत नाहीत. जुन्या बाल्डर्स गेट २ मध्ये तर विश टाकला की एक जिनी येतो आणि ठरलेल्या पर्यायांतलं एक निवडा म्हणतो, म्हणजे काय वाट्टेल ते मागायचा स्पेल, त्याची यादी झाली. गेम बनवणाऱ्यांची अडचण कळते मला, पण खेळणाऱ्यानं इतकं खेळून कमावलेली ताकद आपण ऐन वेळी काढून घ्यायची हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून म्हणलं कॉम्प्युटर राहू द्या, कागदावर खेळू. किल्ल्याचा नकाशा टेबलावर पसरला, आर्टवाला डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, झाला. पोरीनं टेलिपोर्ट टाकला तसं त्यानं विचारलं, "किल्ला कधी पाह्यलाय का तुम्ही?" नाही, गावातल्या म्हाताऱ्याकडून नुसतं ऐकलेलं. मग टाका १ ते १०० चे फासे, नुसत्या वर्णनावर गेलं तर ४३ किंवा खाली म्हणजे मिसहॅप, जादू फसली. आले ३१! सगळ्यांना तीन डी१० (दहा बाजूंचे फासे) इतका मार, परत फासा, ६०, म्हणजे जागा चुकली, आणि डीएमनं सगळी पार्टी खंदकात नेऊन टाकली. जो आरडाओरडा झाला ना, खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले.

फाशांचा हा तक्ता बरेच कॉम्प्युटर गेम घेत नाहीत कारण खेळणारा सेव्ह परत लोड करून मनासारखा फासा येईपर्यंत टाकत बसतो. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, जिथं जायचं तिथून मागच्या सहा महिन्यांत आणलेली एखादी वस्तू जवळ असली की टेलिपोर्ट चुकतच नाही. आम्ही तेच धरलं. आता किल्ल्यातून पळून आलेला एक मशालजी गावात लपलाय, त्याच्याकडं वरची मशाल आहे, त्याला शोधा, त्याचा विश्वास मिळवा आणि मग खुशाल उडी मारा वर. ज्याला हे नको त्याला अंधारी आहेच, आणि मशालीशिवाय तसाच टेलिपोर्ट टाकला तर फासा आधीच्या लांब विश्रांतीलाच (पार्टी रात्रभर झोपते तेव्हा) ठरून बसतो, लोड करून बदलत नाही.

मशालजीचे संवाद रात्रीच लिहायला घेतले. पुढचा नंबर फ्लायचा, म्हणजे उडायच्या स्पेलचा, त्यात बाण लागून कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायची एकाग्रता) तुटलं की माणूस खाली, दर दहा फुटाला एक डी६ मार, आणि कड्यावर तिरंदाज कुठं उभे करायचे यावरून आर्टवाल्याशी माझं अजून भांडण चालूच आहे.