गोठ्याशेजारचं पितळ

नाशिकजवळच्या सातपूरला आमच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर पितळी टोप्या ओढल्या जातात, म्हणजे पंच पत्र्याची चकती डायच्या भोकात दाबतो आणि तिची टोपी होते. द्राक्षबागेत फवारणीचे ब्लोअर फिरतात, त्यांच्या नोझलवर त्या बसतात. पितळ ७०-३०, म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बंदुकीच्या काडतुसांच्या केस, म्हणजे दारू भरायची नळकांडी, याच पितळाच्या असतात, कारण पत्र्याची चकती खोलवर ओढली तरी ते सहजी फाटत नाही.

दिंडोरीकडच्या एका गिऱ्हाईकाने ऑक्टोबर छाटणीच्या हंगामासाठी पावसाळ्यातच माल भरून ठेवला होता. एके दिवशी हे शेठ पिशवी घेऊन आले आणि टोप्या माझ्या टेबलावर ओतल्या. प्रत्येकीला काठापासून खाली सरळ उभी चीर. "तुमचं सेटिंग हललंय," शेठ म्हणाले. आमच्या मालकांनीही माझ्याकडेच पाहिलं, कारण डाय मी लावतो.

प्रेस बंद केला आणि तपासायला घेतला. रॅमला, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला, मोजणीचा डायल लावून बोल्स्टरवर, म्हणजे डाय बसतो त्या जाड पाटावर, चारी बाजूंनी फिरवला, काटा जागचा हलेना. टोपीची भिंत चार ठिकाणी मोजली, जाडी सारखीच. पंच डायच्या मध्यावर नसता तर एक बाजू पातळ निघाली असती. शिवाय प्रेसमध्ये फाटलेली टोपी ओळखू येते. ती बहुतेक तळाच्या वळणाजवळ फाटते, तिथला धातू आधी ताणून बारीक होतो आणि मग तुटतो. इथे चिरेच्या दोन्ही कडांना जाडी पूर्ण होती, काच तडकावी तशी. त्याच लॉटचा आमच्याकडे राखलेला ट्रे काढला तर त्यातली एकही टोपी तडकलेली नव्हती. एकाच डायमधून निघालेला माल दिंडोरीत फुटतो आणि सातपुरात फुटत नाही, मग दोष एकट्या सेटिंगचा कसा?

शेजारच्या टूलरूममध्ये एक काका येऊन बसतात. वरणगावच्या आयुध निर्माणीत त्यांची नोकरी झाली, काडतुसांच्या केस बनवण्यात. मी टोपी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी भिंगातून पाहिली आणि शेठना एवढंच विचारलं, "माल ठेवला कुठे होता?"

"घरामागच्या शेडमध्ये. गोठ्याला लागून."

"मग झालं," काका म्हणाले. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पावसाळी दमट हवेत तो पितळावर बसतो आणि पितळात ताण कोंडलेला असेल तर चीर पडते. इंग्रजांच्या लष्कराच्या काडतुसांच्या केस हिंदुस्थानात पावसाळ्यात अशाच तडकत, तबेल्यांजवळ साठवलेल्या. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचं कारण मांडलं, हेही काकांच्या तोंडावर होतं. ज्या माणसाने आयुष्यभर पितळ ओढलंय त्याच्यासाठी हा इतिहास नसतो, रोजचं काम असतं.

अमोनिया गोठ्यातला होता, पण ताण आमच्या प्रेसमधला. तो दाखवायला काकांनी ट्रेमधली धडधाकट टोपी घेतली, तळ कापून टाकला आणि उरलेल्या कड्याला बारीक करवतीने उभा छेद दिला. छेद पूर्ण होताच कडं टणकन उघडलं, फट पात्याच्या जाडीपेक्षा कितीतरी रुंद. वरून चकचकीत दिसणाऱ्या त्या भिंतीत एवढं बळ दडलेलं होतं. मला ते पाहून खरोखर धक्का बसला. मोजमापात बसलेला माल चांगलाच, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो आणि ड्रॉइंगवरही दुसरं काही मागितलेलं नव्हतं.

मग दोन कामं केली. शेवटच्या ओढीत पंच आणि डायमधली फट भिंतीच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवली. त्यामुळे भिंत जाता जाता दाबून निघते आणि बाहेरच्या अंगाचा ताण उतरतो. पण एवढ्या कमी फटीत सेंटर जराही सरकलेला चालत नाही. डायचे बोल्ट अर्धे सैल ठेवले, मोटर बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवत रॅम खाली आणला, चारी बाजूंना सारख्या जाडीच्या शिम (पातळ पट्ट्या) घातल्या आणि मगच बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. शेवटी रॅमचा स्क्रू लॉक केला. या कामाला घाई करणारा माणूस जवळ उभा नको.

दुसरं काम भट्टीचं. टोप्या २७५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवल्या. एवढ्यात पितळ मऊ पडत नाही, त्याला सव्वाचारशेच्या पुढे जावं लागतं. कडकपणा तपासला, तो टिकला होता. नंतर जुन्या आणि नव्या टोप्या अमोनियाच्या बंद बरणीत टांगल्या. सकाळी जुन्यांना चिरा होत्या, नव्या जशाच्या तशा.

शेठचं म्हणणं होतं की गोठ्याजवळच्या ज्या टोप्या अजून फुटल्या नाहीत त्या भट्टीतून काढून परत द्या. मी नाही म्हटलं. आत बारीक चीर सुरू झालेली असेल तर भट्टी ती सांधत नाही. ती टोपी बागेत दाबाखाली उडाली तर औषध थेट ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतं. नुकसान कोणी किती सोसायचं यावर शेठ आणि आमचे मालक संध्याकाळपर्यंत बोलत बसले आणि शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. तो सगळा लॉट मी प्रेसखाली चेपून भंगारात टाकला, कोणी चुकूनही उचलून वापरू नये म्हणून.