'रोजची' भाकर: एपिऊसिऑसची नोंद, भाग ३

मत्तय ६:११ म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' ही ओळ. तिच्यातले सोपे ग्रीक शब्द आता हातावेगळे झाले: आर्टॉस म्हणजे भाकर, सेमेरॉन म्हणजे आज, डॉस म्हणजे दे. गाडं अडलंय ते एपिऊसिऑसपाशी (स्ट्राँगच्या बायबल-शब्दसूचीत क्रमांक १९६७). मराठी बायबलात त्याच्या जागी 'रोजची' आहे. नव्या करारात हा शब्द आणखी एकदाच येतो, लूक ११:३ मध्ये, आणि तीही हीच प्रार्थना. त्यामुळे चार वेगळी वाक्यं समोर ठेवून अर्थ काढायची नेहमीची रीत इथे चालत नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेन ग्रीकमध्येच लिहिणारा. त्यालाही हा शब्द ना ग्रंथांत सापडला ना लोकांच्या तोंडी. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा, असं त्याचं म्हणणं.

जुना कोश वापरणाऱ्यांनी एक खड्डा चुकवावा. इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर), खर्चाच्या यादीत, हा शब्द अर्धवट वाचल्याचं १८८९ मध्ये छापलं गेलं. 'रोजचा शिधा' या अर्थाला मोठाच आधार मिळाला. पुढे तो पपायरस हरवला. १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सापडला, नव्याने वाचला, तर तिथे 'एलाइऊ' निघालं. तेल! कोशात हा पुरावा दिसला तर पेन्सिलीने काट मारा.

उरते शब्दाची फोड. एपि + ऊसिआ (अस्तित्व, सत्त्व) धरलं तर 'अस्तित्वासाठी लागणारी'. पण पुढे स्वर आला की एपिमधला शेवटचा इ सहसा गळतो: एपि + ऊरानॉस पासून एपूरानिऑस, 'स्वर्गीय'. त्या हिशेबाने इथे एपूसिऑस व्हायला हवं होतं. नियम पोलादी नाही. मत्तय ५:३३ मधल्या खोट्या शपथेच्या क्रियापदात, एपिऑर्केओमध्ये, इ टिकून आहे. शिवाय ऊसिआ हा शब्द नव्या करारात फक्त लूक १५:१२-१३ मध्ये येतो आणि तिथे त्याचा अर्थ धाकट्या मुलाने उधळलेली मालमत्ता. तत्त्वज्ञानातलं 'सत्त्व' तिथे नाही.

दुसरी फोड 'एपिऊसा' (स्ट्राँग क्रमांक १९६६) या शब्दापासून: येणारा दिवस. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये जहाज 'दुसऱ्या दिवशी' नियापुलीस पोचतं, तिथे हाच शब्द आहे. यातला इ मुळात 'जाणे' या क्रियापदाचा, म्हणून गळायचा प्रश्नच नाही. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोमही सांगतो की 'इब्री लोकांचं शुभवर्तमान' या आता हरवलेल्या जुन्या ग्रंथात या जागी 'माहार', म्हणजे उद्या, होतं. तरी त्याने स्वतः लॅटिनमध्ये मत्तयात 'सत्त्वापलीकडची' आणि लूकमध्ये 'रोजची' असं एकाच शब्दाचं दोन तऱ्हांनी भाषांतर केलं!

तूर्त पारडं 'येणाऱ्या दिवसाची' या बाजूला झुकतंय. हरकत ठरलेली: मत्तय ६:३४ म्हणतं, उद्याची चिंता करू नका. पण उद्याचं आजच मागून मोकळं होणं हा चिंता न करण्याचाच एक मार्ग. आणि ही प्रार्थना पहाटे म्हटली, तर 'येणारा दिवस' म्हणजे आजचाच.

लूकची ओळ स्वतंत्र वहीत घ्यावी. तिथे 'डॉस' ऐवजी 'डिडू' (देत राहा) आणि 'सेमेरॉन' ऐवजी 'काथ हेमेरान' (दररोज) आहे. दररोजपणा तिथे या दोन शब्दांतूनच आलाय, त्यामुळे एपिऊसिऑसलाही 'रोजची' म्हटलं की एकच गोष्ट दोनदा मागितल्यासारखी होते.