कोणाची पीए?

आईने सोसायटीत पेढे वाटले तेव्हा खालच्या काकूंनी पहिलं विचारलं, "कुठल्या आमदाराची?" आपल्याकडे पीए म्हटलं की साहेबांचा फोन आणि डायरी सांभाळणारा माणूसच डोळ्यांपुढे येतो. आईने समजावलं की पोरगी न्यू जर्सीत फिजिशियन असिस्टंट झालीय. रुग्ण तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. त्यावर काकू म्हणाल्या, "मग डॉक्टरच का नाही? ती होतीच ना डॉक्टर!"

काकूंचं काही चुकलं नाही. बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, घेऊन मी सांगलीत चार वर्षं दवाखाना चालवला होता. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामागे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर इथे आले आणि त्या पदवीवर इथे प्रॅक्टिस करता येत नाही हे कळलं. हिशेब मांडला. वय ३४, पदरात मुलगी. डॉक्टर व्हायचं तर आधी पूर्वतयारीचे विषय, मग मेडिकल स्कूल ४ वर्षं, वर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, निदान ३. पीएचा कोर्स साधारण २७ महिन्यांचा, आणि त्यानंतर रेसिडेन्सीची सक्ती नाही. खरं सांगते, सुरुवातीला कारण एवढंच होतं.

पण तसं लिहायची लाज वाटली. कास्पा नावाच्या सामाईक अर्जात ‘पीए का व्हायचंय?’ याचं उत्तर ५,००० अक्षरांत द्यावं लागतं, मोकळ्या जागासुद्धा धरून. मी सेवेची तळमळ, लहानपणीचं स्वप्न, सगळं ओतलं. पीएचा कोर्स असलेल्या नऊ शाळा, नऊ नकार. रुग्णसेवेच्या तासांचा रकानाही अशक्तच होता. बऱ्याच शाळांना १,००० च्या आसपास तास हवे असतात. माझ्या दवाखान्याचे त्यांनी किती धरले, देव जाणे.

मग नर्सिंग असिस्टंटचा छोटा कोर्स करून एका नर्सिंग होममध्ये लागले. अंघोळ घालायची, डायपर बदलायचे, वजनं घ्यायची. ‘मॅडम’ ऐकायची सवय झालेल्या बाईला पहिले काही आठवडे जड गेले. आईला फक्त ‘हॉस्पिटलात आहे’ एवढंच सांगितलं होतं.

तिथे एक गुजराती बा होत्या. हार्ट फेल्युअर. तीन दिवसांत वजन ५ पौंडांनी चढलं. आठवड्यातून तीनदा येणारी पीए त्यांच्या पलंगाशी उकिडवी बसली, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, म्हणजे अंगात पाणी साठलं होतं. गोळ्या वेळेवर चालू होत्या. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू यांना रोज बघतेस. काय बदललंय?"

मला माहीत होतं. कपाटात स्वेटरखाली कैरीच्या लोणच्याची बरणी होती, मुलाने आणलेली. कोणाला सांगायचं नाही म्हणून बांनी मला शपथ घातली होती. मी बरणी काढून टेबलावर ठेवली. बा पुढे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पीएने डॉक्टरांना फोन केला, लघवीची गोळी वाढवली, संध्याकाळी मुलाला थांबवून मिठाचं गणित समजावलं. बरणी मात्र फेकली नाही. बांशी घासाघीस करून आठवड्याला एक फोड ठरवली.

सांगलीत मी हेच करायचे. काय खाता, झोप कशी, घरात कोणाशी वाजलंय. होमिओपॅथीच्या गोळ्यांवर हवा तेवढा वाद घाला, पण तिने मला ऐकून घ्यायला शिकवलं. त्या शिकवणीचा पगार मिळेल अशी जागा मला त्या दिवशी दिसली.

दुसऱ्या वर्षी वय, मुलगी, पैसे आणि बरणी, जसं होतं तसं लिहिलं. अकरा शाळा, तीन मुलाखती, एक जागा. मुलाखतीत काकूंचाच प्रश्न आला, मीही अर्जात लिहिलेलंच उत्तर दिलं.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. पहिलं वर्ष झोपेशिवाय गेलं, दुसरं रोटेशन्समध्ये, म्हणजे हॉस्पिटलातल्या वेगवेगळ्या विभागांत शिकत. शेवटी लायसन्ससाठीची पान्स परीक्षा, ३०० प्रश्न, पाच तास. आधी इमर्जन्सीत होते, आता कार्डिओलॉजीत आहे. मधे पुन्हा शिकायला जावं लागलं नाही. डॉक्टरला अशी उडी मारायची तर सहसा नवी रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करावी लागते. वयाचा हिशेब मांडताना हे माझ्या डोक्यातही नव्हतं, आणि आज कोणी विचारलं तर सगळ्यात आधी हेच सांगते.

‘असिस्टंट’ शब्द आईला अजून खुपतो. २०२१ मध्ये इथल्या पीएंच्या संघटनेने ‘असोसिएट’ नाव ठरवलं, माझ्या लायसन्सवर अजून जुनंच आहे. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा कोर्स सुरू केला तेव्हा पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय काम केलेले चौघे होते. अनुभव गाठीशी, पण हातात कागद नाही. माझ्याकडे कागद होता, इथे चालत नव्हता.

रुग्ण अजूनही मान लांब करून माझ्यामागे बघतात. "डॉक्टर कधी येणार?"

"लागले तर बोलावते. तोवर मोजे काढा, पाय बघू दे."