फोनवर गायब झालेला ढोल: सॅच्युरेशन लावतानाचा माझा अनुभव

काम होतं एका ढोल पथकाच्या गणपती गाण्याचं मिक्स. एकूण १४ ट्रॅक: तीन नाशिक ढोल, प्रत्येकाला थापीच्या पानाजवळ एक आणि टिपराच्या पानाजवळ एक माइक, दोन ताशे, झांज, वर टांगलेली माइकची जोडी, हार्मोनिअम, सिंथ बेस आणि गायकाचा आवाज. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग नाशिकच्या अंबडमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर झालेलं. सिडकोतल्या खोलीत मॉनिटरवर सगळं भरदार वाजत होतं. तेच फोनवर लावलं आणि ढोल गेला. टिपराची टकटक तेवढी उरली, जणू कोणी पत्र्याचा डबा बडवतंय.

कारण सरळ आहे. या ढोलांच्या थापीचा जोर ६५ हर्ट्झच्या आसपास होता आणि फोनच्या स्पीकरमधून २५०-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही निघत नाही. ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) ६५ वर ६ डीबी चढवले तरी फोनला फरक पडत नाही. उलट लिमिटर (पातळी ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारं साधन) आधी दमतो. इथे सॅच्युरेशन, म्हणजे आवाजात मुद्दाम आणलेली थोडी विकृती, कामाला येतं. वेव्हची टोकं दाबली की मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर तयार होतात: १३०, १९५, २६०, ३२५, ३९०. यातले वरचे फोन वाजवू शकतो, आणि ते ऐकू आले की कान खालचा ६५ आपसूक भरून काढतो. ‘ऊब’ वगैरे शब्द मी या कामात वापरतच नाही. प्रश्न एवढाच की कुठले हार्मोनिक्स (हे पटीतले स्वर) हवेत, किती हवेत, आणि त्यांच्यासोबत कुठला कचरा येतोय.

पहिला प्रयत्न फसला. तिन्ही ढोल एका बसवर (एकत्र केलेली वाहिनी) घेऊन त्यावर सॅच्युरेशनचं प्लगइन लावलं आणि १२ डीबी ड्राइव्ह, म्हणजे आत जाणारा जोर, दिला. झकास वाटलं. मग आउटपुट नॉब खाली घेऊन लाउडनेस मीटरवर प्लगइनच्या आधीची आणि नंतरची पातळी सारखी केली, तेव्हा कळलं की प्लगइन चालू केल्यावर बस अडीच डीबी मोठी होत होती, आणि झकास वाटायचं कारण तेवढंच. सारख्या पातळीवर ऐकलं तर थापीचा घुमार चिखलासारखा झालेला. त्यात ढोलाच्या माइकमध्ये शिरलेला ताशा चरचरत होता आणि शेडची गुंज वर आली होती. टोकं दाबली गेली की मागचं बारीक सगळं वर येतं. पत्र्याच्या शेडमध्ये ते मागचं बरंच असतं.

चिखल होण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. एकाच प्लगइनमध्ये दोन स्वर गेले की हार्मोनिक्ससोबत त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात. तबल्याची शाई पुडीचे ओव्हरटोन (मूळ स्वराच्या वरचे स्वर) जवळपास पूर्ण पटीत आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं. साध्या, एकसारख्या पडद्याचा पहिला ओव्हरटोन मात्र १.५९ पटीवर पडतो. त्या हिशोबाने ६५ सोबत १०३ चा स्वर आला, तर वजाबाकी ३८ आणि बेरीज १६८. दोन्ही कोणाच्याच सुरात नाहीत. तीन वेगवेगळ्या ताणाचे ढोल एका बसवर घेतले की अशा जोड्या किती होतात, ते मोजण्यात अर्थ नाही.

म्हणून बस सोडली आणि प्रत्येक थापीच्या ट्रॅकमधून वेगळा ऑक्स (मूळ ट्रॅकची प्रत घेऊन समांतर चालणारी वाहिनी) काढला. त्यावरची साखळी अशी. आधी ९० हर्ट्झवर २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा लो-पास (वरचं कापणारा फिल्टर), म्हणजे प्लगइनला शक्यतो एकटा मूळ स्वरच मिळतो. मग जोराच्या थापा दाबणारा कॉम्प्रेसर: ४:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज १००, घट ३ ते ४ डीबी. हा कॉम्प्रेसर गाळू नये. किती विकृती होणार हे आत येणाऱ्या पातळीवर ठरतं, आणि वादकाच्या थापांमध्ये ८-१० डीबीचा फरक सहज असतो. तो तसाच सोडला तर जोराच्या थापा फाटतात, हलक्या थापांना हार्मोनिक्सच मिळत नाहीत आणि फोनवर प्रत्येक दुसरी थाप गायब होते.

त्यानंतर सॅच्युरेशन. इथे क्लँगहेल्मचं आयव्हीजीआय वापरलं. फुकट आहे आणि त्यात असममितीचा वेगळा नॉब आहे. वेव्हचं वरचं आणि खालचं टोक सारखंच दाबलं तर विषम हार्मोनिक्स येतात: १९५, ३२५. एक बाजू जास्त दाबली की सम हार्मोनिक्सही येतात: १३०, २६०. हे दोन्ही मूळ स्वराचेच वरच्या सप्तकांतले सा, त्यामुळे ढोलात विरघळतात. १९५ म्हणजे पंचम; तो जास्त झाला की ढोलाला वेगळाच सूर आल्यासारखं वाटतं. असममितीमुळे डीसी ऑफसेट येतो, म्हणजे वेव्ह शून्य रेषेवरून एका बाजूला सरकते, पण पुढचा हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) तो काढून टाकतो.

ड्राइव्ह ढोलावर ऐकून ठरवला नाही. ऑक्सवर ६५ हर्ट्झचा साइन टोन टाकला, थापांच्या पातळीएवढा ठेवला, आणि अ‍ॅनलायझरमध्ये १३० व २६० हे मूळ स्वराच्या १५-२० डीबी खाली दिसेपर्यंत नॉब फिरवला. एक खबरदारी: अ‍ॅनलॉगची नक्कल करणारे बरेच प्लगइन उणे १८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल मर्यादेपासून मोजलेली पातळी) म्हणजे शून्य व्हीयू (काट्याच्या मीटरवरची नेहमीची कामाची पातळी) धरून बनवलेले असतात. ढोलाची टोकं उणे ६ पर्यंत येत होती, म्हणजे ड्राइव्ह शून्यावर असतानाच १२ डीबी जास्त. व्हीयूचा काटा सरासरी दाखवतो, थापेचं टोक त्याला दिसतच नाही. इनपुट आधी खाली घ्यावा.

शेवटी हाय-पास १२० वर आणि लो-पास ९०० वर. मूळ ट्रॅकच्या खालच्या भागाला यामुळे धक्का लागत नाही, आणि ती ३८ ची वजाबाकीही इथेच कापली जाते. फेडर तळापासून वर आणत गेलो. फोनवर थाप कळायला लागली की थांबून दीड डीबी मागे. ऑक्स मूळ ट्रॅकच्या १४ डीबी खाली बसला. मग ऑक्सची पोलॅरिटी उलटी करून पाहिली, म्हणजे वेव्हचं वरचं खाली केलं, कारण फिल्टर फेज फिरवतात आणि दोन वेव्ह एकमेकींना कापू शकतात. तिन्हीपैकी एका ढोलाला उलटी जास्त भरीव निघाली, ती तशीच ठेवली.

ताशावर वेगळी अडचण: एलिअसिंग. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २४ किलोहर्ट्झच्या वर काही मावत नाही, ते आरशात आपटल्यासारखं खाली परततं. ताशातल्या ९ किलोहर्ट्झच्या घटकाचा तिसरा हार्मोनिक २७ वर जातो आणि परतून २१ वर पडतो. तो ऐकू येणं कठीण. पाचवा ४५ वर जातो आणि येतो थेट ३ किलोहर्ट्झवर, जिथे कान सर्वांत तिखट. ताशात काच घासल्यासारखी चरचर आली तर ती बहुधा हीच. तपासायला प्लगइनमधून १ ते २० किलोहर्ट्झचा साइन स्वीप सोडावा. स्वीप वर चढताना स्पेक्ट्रमवर काही रेघा उलट्या खाली उतरताना दिसल्या तर ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनच्या आत सॅम्पल रेट वाढवणं) लावावं. ४ पटीने काम झालं. सगळ्या ट्रॅकवर ८ पट लावलं तर माझा लॅपटॉप हात टेकतो, म्हणून ताशे फ्रीझ केले, म्हणजे प्रक्रिया झालेला आवाज फाइलमध्ये पक्का केला. ताशाला ड्राइव्ह दिलाच नाही. क्लिपरने (टोकं सरळ छाटणारं प्लगइन) टोकं २-३ डीबी कापली. टोक इतकं क्षणिक असतं की कापलेलं कळत नाही. झांजेला हातही लावला नाही.

गायकाच्या आवाजासाठी सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब, तोही फुकट. त्यात तीन पर्याय आहेत: कीप हाय, न्यूट्रल, कीप लो. आवाजाला मी कीप हाय ठेवतो, म्हणजे वरचा भाग जवळपास सुटतो. तरीही चरचरीत उच्चार दाबणारा डी-एसर आधीच हवा. ‘स’, ‘श’, ‘छ’ एकदा विकृत झाले की नंतरचा डी-एसर त्यांना नीट पकडू शकत नाही. मात्रा साधारण १ टक्का विकृतीची, म्हणजे हार्मोनिक्स मूळ स्वराच्या ४० डीबी खाली. तुलनेला, टेपची कमाल पातळी ३ टक्के विकृतीवर मोजायची पद्धत होती. ते साधारण ३० डीबी खाली होतं. श्वास आणि खोलीतला पंखा वर आले, ते क्लिप गेनने हाताने खाली घेतले.

हार्मोनिअम पूर्ण कोरा ठेवला. सा २४० वर असेल तर शुद्ध गांधार ३०० ला हवा आणि वजाबाकी ६० येते, म्हणजे साच्याच दोन सप्तकं खाली. पण पेटीचा गांधार समान अंतराच्या सप्तकातला, ३०२.४ चा. वजाबाकी येते ६२.४, शेजारच्या स्वरापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश वर चढलेली, आणि नेमकी ढोलाच्या शेजारी. पेटीवर सुरावट एकेरी असेल तर सॅच्युरेशन चालतं, कॉर्ड धरली की नाही.

मास्टरवर, म्हणजे सगळं मिक्स जिथून बाहेर जातं तिथे, सॉफ्ट क्लिपर, जास्तीत जास्त १ डीबी, आणि लिमिटरचं ट्रू पीक (सॅम्पलच्या मधली टोकंही धरून मोजलेली कमाल पातळी) उणे १ वर.

फाइल्स दोन काढल्या. फोन आणि यूट्यूबसाठी ऑक्स उणे १४ वरच. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीत मोठ्या स्पीकरवर वाजवायच्या फाइलमध्ये तो उणे २२ वर नेला, कारण तिथे ६५ हर्ट्झ मुळातच वाजतो आणि वरून १३० ची भर पडली की गायकाचा खर्ज झाकला जातो.