दहा अँगस्ट्रॉमच्या पलीकडचं कशाला मोजता?

रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये दहा अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे एका नॅनोमीटरच्या, पलीकडच्या प्रभारांचं बल कशाला मोजायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रत्येक नवा विद्यार्थी कधी ना कधी येतोच: 'मॅडम, सगळा वेळ पीएमई खातंय. दहा अँगस्ट्रॉमवर कटऑफ लावू ना! त्यापलीकडचे आयन असे कितीसे ओढणार?' पीएमई म्हणजे पार्टिकल मेश एवाल्ड, दूरच्या प्रभारांचीही बेरीज करणारी, एवाल्डच्या बेरजेवर उभी असलेली पद्धत. कटऑफ म्हणजे ठरावीक अंतरापलीकडचं बल शून्य धरणं.

एकेकटा नाहीच ओढत फारसा. पण लांब जावं तशी कवचातल्या कणांची संख्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि प्रत्येकाची ऊर्जा नुसत्या अंतराच्या पटीत घटते. दूरची बेरीज आटोक्यात राहते ती धन आणि ऋण एकमेकांना खोडतात म्हणून. कटऑफ ती खोडाखोडच अर्ध्यावर तोडतो.

मला हे पुस्तक वाचून पटलं नव्हतं. पीएचडीच्या सुरुवातीला मी साध्या मिठाच्या पाण्याचं सिम्युलेशन करत होते. मशीनवर वेळ तुटपुंजा, त्यामुळे गाईडचा आग्रह कटऑफचा. सोडियम-सोडियम अंतरांच्या आलेखात दहा अँगस्ट्रॉमला स्वच्छ उंचवटा आला. सर खूश. आयनांची नवी रचना सापडली म्हणून पोस्टरची तयारी सुरू झाली. मला मात्र तो दहाचा आकडा खटकत राहिला. कोणाला न सांगता कटऑफ बारावर नेला आणि तीच पेटी, म्हणजे संगणकातला तो मिठाच्या पाण्याचा तुकडा, पुन्हा चालवली. उंचवटा बारावर सरकला. सोडियम आयन एकमेकांचं प्रतिकर्षण जिथे संपतं, त्या हद्दीच्या जरा बाहेर जाऊन बसत होते. ती हद्द आमच्या इनपुट फाइलने आखलेली होती. दोन्ही आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'बाराचा कोणाला दाखवू नकोस.' मी पोस्टरवरून माझं नाव काढून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. ते अजून दुखतं, कारण हे काम मला शिकवलं ते त्यांनीच.

तेव्हापासून 'एवाल्ड तेवढं बरोबर' असं मी ठणकावत आले. आज त्या ठणकावणाऱ्या मुलीशी माझं पटत नाही. एवाल्डने १९२१ साली ही बेरीज मांडली ती स्फटिकांसाठी, जिथे तीच रचना खरोखरच पुन्हा पुन्हा येते. १९९३ साली डार्डन, यॉर्क आणि पेडरसन यांनी ती ग्रिडवर आणून फुरिये रूपांतराने झटपट केली, तरी गृहीतक तेच राहिलं: माझ्या पेटीच्या चहूबाजूंना तिच्याच अनंत प्रती. द्रवात असं काही नसतं. पेटीवर निव्वळ प्रभार उरला तर एवाल्ड त्याच्याविरुद्धचा प्रभार सगळीकडे सारखा पसरून टाकतं, पेशीपटलाच्या तेलकट गाभ्यातसुद्धा, जिथे खरा आयन सहसा फिरकत नाही. प्रतिआयन, म्हणजे विरुद्ध प्रभाराचे आयन, घालून पेटीचा निव्वळ प्रभार शून्य करता येतो. प्रती मात्र तशाच राहतात.

मग कटऑफ चालेल का? नाही. आयन आहेत तिथे तरी मी तो लावू देणार नाही, कितीही वेळ लागो. पण पीएमईचं उत्तर आलं की मी पेटी मोठी करून पुन्हा चालवायला सांगते. आकडा हलला, तर तो छापायचा नाही.